माझ्या हाताची चूक किती

१९९७ साल. माझं वय चोपन्न. शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा लावणीचे आणि कापणीचे दिवस सोडून. सही करता येत होती, आकडे वाचता येत होते, दशांशचिन्हाच्या पुढचेसुद्धा. एवढ्यावर मी मुरबाडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, रंगाचा चीक बनवणाऱ्या एका कारखान्यात, वजनाच्या टेबलावर बसत होतो. त्या टेबलावरून मला उठवायचं चाललं होतं. नुसतं उठवायचं नव्हतं, उठताना एका कागदावर माझी सही पाहिजे होती. मी कामात निष्काळजीपणा केला, असं त्या कागदावर टाइप केलेलं होतं. मी सही केली नाही. घरातले अजून विचारतात, केली असती तर काय बिघडलं असतं. म्हणून एकदाचं सांगून लिहवून ठेवतो.

कारखान्याच्या आधी सोळा वर्षं मी मुरबाडच्या बाजारात एका तांदळाच्या पेढीवर मापाडी होतो. डोंगराकडच्या वाड्यांवरून बाया तांदूळ न्यायला यायच्या. ओट्याशी आल्या की आधी विचारायच्या, "आज काट्यावर कोण हाय?" मी असलो तर पिशवी पसरायच्या. दुसरा कोणी असला तर पुढच्या पेढीवर जायच्या. शेठ चिडायचा, पण मला काढायची त्याची हिंमत नव्हती. पेढी बंद पडली आणि मी कारखान्यात आलो, तेव्हा मला विचारलं, काय येतं. मी म्हटलं, वजन करता येतं. ते हसले. आठ दिवसांनी हसायचे थांबले.

कारखान्यात दोन पातळ माल एकत्र शिजवून चीक व्हायचा, दुधासारखा पांढरा. हा चीक घातल्याशिवाय रंग भिंत धरत नाही. दोन मालांतला एक स्टायरिन, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वासाचा. दुसऱ्याला आम्ही नुसतं बीए म्हणायचो. स्टायरिन जास्त झालं की रंग सुकून तडकतो, बीए जास्त झालं की भिंतीला टेकलं तर सदरा चिकटतो. त्या वर्षी दोन्ही तक्रारी एकदम आल्या. एकाच बॅचचा चीक, एका गिऱ्हाइकाकडे तडकला आणि दुसऱ्याकडे चिकटला. मालकाने साहेबांना महिन्याची मुदत दिली. साहेब म्हणजे आमचे प्रॉडक्शनचे साहेब, पस्तिशीचे, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघणारे. साहेबांनी ते काम केमिस्ट बाईंच्या गळ्यात घातलं.

बाई कल्याणहून एसटीने यायच्या. सव्वीस-सत्तावीसच्या असतील. मला काका म्हणायच्या, मी त्यांना बाय म्हणायचो, आमच्याकडे मुलीला म्हणतात तसं. मी काम करतो ते कशासाठी, हे मला कळलं पाहिजे अशी माझी अट असते. पहिल्याच दिवशी विचारलं.

"काका, माळेत मणी ओवतात ना, तशी आत साखळी होते," बाई म्हणाल्या. "मणी दोन जातींचे. साखळीच्या टोकाला स्टायरिनचा मणी असला तर पुढे कुठला येऊन बसेल? परत स्टायरिन का बीए? त्याचा एक आकडा असतो. टोकाला बीए असला तर दुसरा आकडा. हे दोन आकडे कळले की कुठला माल किती आणि कधी सोडायचा ते ठरवता येतं."

"म्हंजी कोणाला भावकीतलाच लागतो अन् कोणाला परका चालतो, ते."

"तेच."

"मंग एवढा खटाटोप कशाला? आमच्या गावात कोणाबी म्हातारीला विचारा, सांगेल."

बाई हसल्या. पण खटाटोप करावाच लागला. दोन्ही मालांची सहा निरनिराळी मिश्रणं करायची होती. एका टोकाला शंभर ग्रॅममध्ये पाच ग्रॅम स्टायरिन आणि पंच्याण्णव बीए, दुसऱ्या टोकाला त्याच्या उलट, मध्ये बाकीची चार. प्रत्येक मिश्रण दोनदा. असे बारा फ्लास्क. फ्लास्क गरम पाण्यात ठेवायचा, साखळी सुरू करणारं औषध घालायचं आणि थोडीशी साखळी झाली की लगेच काढून मिथेनॉलमध्ये ओतायचा. पांढरे तंतू खाली बसतात. ते धुऊन, सुकवून मुंबईला तपासायला पाठवायचे, त्यांत कुठला मणी किती आहे ते बघायला.

लगेच का काढायचा, तेही मी विचारलं होतं. उत्तर मिळाल्यावर मला पंगत आठवली. लग्नाच्या पंगतीत लोकांना जिलबी आवडते का भात, हे बघायचं तर पहिल्या वाढपालाच बघावं लागतं. जिलबी संपल्यावर सगळेच भात खातात. त्यावरून भाताची आवड धरली तर फसगत. फ्लास्कात तेच होतं. ज्याला जास्त मागणी तो माल आधी संपायला लागतो आणि उरलेल्या मिश्रणाचं प्रमाणच बदलतं. बॅचमधून दोन तऱ्हांचा चीक निघत होता तो यामुळेच.

बारा फ्लास्कांची वजनं मी केली. त्यासाठी दोन पारड्यांचा मोठा तराजू होता. आकडे दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटाही होता, पण तो नाजूक. स्टायरिनच्या वाफेने खराब होईल म्हणून साहेबांनी तो सुक्या मालापुरता ठेवला होता. मोजताना मी सवयीने पहिल्याला एक न म्हणता लाभ म्हणायचो. धान्याच्या मापाची तशी रीत आहे. लाभ, दोन, तीन. बाईंना मौज वाटली, त्यांनी रजिस्टरात पहिल्या फ्लास्कपुढे तसंच लिहिलं. साहेबांनी रजिस्टर बघितलं तेव्हा विचारलं, "हा लाभ कोण? नवीन माणूस ठेवला का?"

पंधरा दिवसांनी मुंबईहून तपासणी आली. बाईंनी ग्राफपेपर काढला, गणित करून बारा ठिपके मांडले आणि पट्टीने रेघ ओढायला घेतली. मी पलीकडे बाटल्या पुसत होतो. पट्टी इकडे कर, तिकडे कर चाललं होतं. मधले आठ ठिपके रेघेला धरून होते. दोन्ही टोकांचे चार रेघ सोडून गेले होते.

साहेब आले, कागदावर वाकले. "हे चार काढून टाका."

"कारण काय लिहू, सर? रेघेत बसत नाहीत म्हणून ठिपके काढायचे नसतात."

"मालक पण तेच विचारतील. कारण मी देतो." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "वजन कुणी केलं? तिसरी पास माणसाने. झालं की कारण."

मी फडका खाली ठेवला. "साहेब, नापास बी नाय अन् पास बी नाय, तिसरी अर्धी सोडली. पण वजन बरोबर हाय."

"मग ठिपके चुकीचे?"

"ते मला काय माहीत. ठिपके मी नाय काढले."

साहेब गेले ते ऑफिसात कागद टाइप करायला. दुपारी शिपायाकडून निरोप आला: एका कागदावर सही करायची आहे, आणि उद्यापासून ड्रम यार्डात जायचं. ड्रम यार्ड म्हणजे मागचं उघडं अंगण. तिथे माणसं दोनशे लिटरचे ड्रम आडवे करून ढकलतात आणि रचतात. ते काम कमी प्रतीचं म्हणून मी नाही म्हणत नव्हतो, मी हमाली पण केली आहे. पण निष्काळजी म्हणून तिथे जायचं, आणि तसं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं? आज काट्यावर कोण हाय म्हणून विचारणाऱ्या बायांना मी काय तोंड दाखवणार होतो? त्यांच्यातल्या दोघींच्या सुना त्याच कारखान्यात बाटल्या धुवायला होत्या.

मी निरोप पाठवला, वेळ नाय.

डब्याच्या सुट्टीत बॉयलरवाला भेटला. माझ्याच गावाकडचा, जिभेला हाड नाही. "काय मापाडी, ड्रमवर येतंस म्हणं. बरं झालं. ड्रम मोजताना पयल्याला लाभ म्हण, दुसऱ्याला पाठीत चमक म्हण."

"तू तुजा बॉयलर बघ. शिट्टी वाजवायची विसरतंस."

जेवण गेलं नाही. परत आलो तर बाई त्याच कागदाशी डोकं धरून बसल्या होत्या, आता दोन कागद होते. मी सरळ विचारलं, "बाय, खरं सांगा. माजी चूक हाय का?"

"मला नाही माहीत, काका. मला हेच कळत नाहीये. बघा, स्टायरिनला पहिला माल धरून रेघ काढली तर हे दोन आकडे येतात. मग मी बीएला पहिला धरलं. नुसती नावं बदलली, वजनं तीच, तपासणी तीच. तर आकडे वेगळे आले."

मी कागद हातात घेतला. गणित मला कळत नव्हतं, अजून नाही कळत. पण हे मला कळलं. "नावं बदलली म्हणून आकडे बदलले?"

"हो."

"मंग तुमचा कागद खोटा हाय."

बाईंनी वर बघितलं.

"तराजू खरा का खोटा ते मापाडी कसा बघतो? वजन या पारड्यातून त्या पारड्यात टाकतो, माल त्या पारड्यातून या पारड्यात. अदलाबदल केल्यावर काटा हलला, की तराजू खोटा. दांडी एका बाजूला आखूड असते. तुमची रेघ तशीच हाय. अदलाबदल केली अन् आकडे हलले. असल्या तराजूवर माजं माप काढताव?"

त्यांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाल्या, त्यांच्या कॉलेजातले सर हेच शिकवायचे. रेघेची पद्धत सोपी, पण ती टोकाच्या ठिपक्यांना नको इतका मान देते, एकटा टोकाचा ठिपका सगळी रेघ ओढून नेतो. शिवाय ती असं धरून चालते की वजनं तंतोतंत खरी आहेत आणि जी काय चूक असेल ती मुंबईच्या तपासणीत. दुसरी पद्धत आहे. ती रेघ ओढत नाही. कॉम्प्युटरला सांगायचं की वजनातही थोडी चूक असू शकते आणि तपासणीतही. मग तो असे दोन आकडे शोधतो की ज्यांच्यासाठी प्रत्येक ठिपक्याला वजनात आणि तपासणीत, दोन्हीकडे, कमीत कमी ढकलावं लागेल. नावं अदलाबदल केली तरी आकडे तेच राहतात.

"मंग ती करा."

"करते. पण तिला एक गोष्ट आधी सांगावी लागते." बाई चाचरल्या. "काका, तुमच्या हाताची चूक किती?"

मी उठलो. मला आठवतं, स्टूल मागे पडलं आणि मी ते उचललंही नाही. पेढीवरच्या सोळा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी निष्काळजी म्हटलं ते मी सहन केलं, कारण त्यांना वजनातलं कळत नव्हतं. पण ही पोर रोज माझा हात बघत होती.

"माज्या हाताला चूक नाय. लिहा, शून्य."

"शून्य कुणाचीच नसते. माझीही नाही. एकच वस्तू दहादा तोलली तर दहा वेळा तोच आकडा येत नाही. किती इकडेतिकडे होतो, तेवढंच बघायचंय. तुम्ही दहा वेळा तोला..."

"परीक्षा घेताव माजी?"

"हाताची घेते. तुमची नाही."

"हात कोणाचा हाय?"

मी बाहेर गेलो आणि नळावर उगाच तोंड धुतलं. बॉयलरवाल्यापर्यंत बातमी पोचली होती. "तुजा हात तपासाला मुंबईला पाठवतात म्हणं. अख्खा का मनगटापासून?" मी नळ बंद केला. एक गोष्ट मात्र डोक्यात आली. परीक्षा दिली नाही तर साहेबांचा कागद आपोआप खरा होणार होता. आणि परीक्षा एकट्यानेच का द्यायची?

परत आत गेलो. "तोलतो. पण माज्या मागे तुमी तोलायचं. अन् तुमच्या मागे साहेबांनी."

"साहेब कशाला तोलतील?"

"तिसरी पास माणसाला घाबरत असतील तर नका सांगू."

बाईंनी हे साहेबांना कसं सांगितलं ते माहीत नाही. साहेब आले आणि शर्टाच्या बाह्या सरसावून आले. दारात दोन-चार जण जमले. स्टायरिन नको म्हणून साधं पाणी घेतलं. मोठ्या तराजूवर पाच ग्रॅमचं वजन टाकायचं, दुसऱ्या पारड्यातल्या वाटीत ड्रॉपरने पाणी सोडायचं, पाच ग्रॅम भरलं असं ज्याला वाटेल त्याने थांबायचं. मग वाटी छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायची आणि खरा आकडा बाईंनी टिपायचा, तोलणाऱ्याला न दाखवता. प्रत्येकाने दहादा.

मी घाई केली नाही. दारातले कंटाळले. "अरे पाणी हाय, सोनं नाय," कोणीतरी म्हणालं. बाईंनी नीट तोललं, जीभ दातांत धरून. साहेबांनी दहाच्या दहा पाच मिनिटांत उरकले आणि हात पुसले.

बाईंनी ग्राफपेपरवर पाच ग्रॅमची एक उभी रेघ मारली आणि तिघांचे ठिपके तीन ओळींत मांडले. सगळे वाकून बघायला लागले. साहेबांचे ठिपके कोंबड्यांना दाणे फेकावेत तसे, रेघेच्या या बाजूला, त्या बाजूला, एक तर पार कागदाच्या कडेला. बाईंचे त्याहून जवळजवळ, थोडे अलीकडे, थोडे पलीकडे. माझे दहा ठिपके एकाला एक चिकटून, भाताची रोपं चुडीत बांधावीत तसे. इतके जवळ की बाईंना पेन्सिलीला टोक काढावं लागलं.

पण सगळेच्या सगळे रेघेच्या पलीकडे. पाच पॉइंट तीन, पाच पॉइंट चार, पुन्हा तीन, पुन्हा चार. एकही पाचावर नव्हता.

साहेब मोकळे हसले. "बघा. दहापैकी एक तरी बरोबर आहे का? माझे निदान दोन तरी रेघेवर आहेत."

दारातलेही हसले. मी त्या कागदाकडे बघत होतो. लाज वाटली का, म्हणाल तर नाही. मला आधी राग आला, आणि मग एकदम समजलं आणि राग गेला. मला माप शिकवलं त्या म्हाताऱ्या मापाड्याने पहिल्या दिवशी माझ्या मनगटावर चापट मारली होती. मी काटा बरोबर मध्यावर थांबवला होता म्हणून. तो म्हणाला होता, असा मध्ये थांबवलास तर बाईला वाटेल तू तिला मोजलंस. मालाचं पारडं खाली जाऊ दे, तिला दिसेल इतकं. तेव्हापासून माझा हात काटा मध्ये आला की थांबत नाही, अजून थोडं सोडतो. तांदळाची चिमूट असो का स्टायरिनचे थेंब असोत. ते मी करतो हे मला ठाऊकच नव्हतं.

हे मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. लपवायचं काय त्यात?

बाई पेन्सिल धरून तशाच थांबल्या. "बाराही फ्लास्कमध्ये?"

"बाराच्या बारा."

"स्टायरिनलाही आणि बीएलाही?"

"एकाला जास्त अन् एकाला कमी असं करायला मी शेठ हाय का?"

त्यांनी पटकन खुर्ची ओढली. मग मलाच म्हणाल्या, पण साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पन्नास ग्रॅममध्ये हे तीन-चार दशांश गेले तर कुणाला कळणार नाही. पण पाच ग्रॅममध्ये गेले तर कळणारच. टोकांना एक माल पाच-पाचच ग्रॅम होता. म्हणून टोकंच बिघडली, मधलं काही नाही. आणि दोन्ही टोकं आतल्या बाजूला वळली, कारण दोन्हीकडे कमी असलेला माल थोडा वाढला." मलाही ते दिसलं. खंडीभर भातावर मूठभर जास्त पडलं तर कोण बघतं? अधोलीच्या छोट्या मापावर पडलं की दिसतं.

त्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसल्या. माझ्या दहा ठिपक्यांवरून जादा किती ते काढून प्रत्येक वजनात तेवढं मिळवलं, आणि हात किती इकडेतिकडे होतो तेही घातलं. तो कॉम्प्युटर विचार करायला बराच वेळ घ्यायचा, आम्ही चहा पिऊन आलो. पडद्यावरच्या चौकटीत एक लांबट अंड्यासारखं वर्तुळ आलं होतं आणि त्याच्या मध्ये एक फुली.

"फुली म्हणजे आपले दोन आकडे," बाई म्हणाल्या. "खरे आकडे या वर्तुळात कुठेतरी आहेत."

"कुठंतरी? एवढं करून नक्की नाय सांगत?"

"नाही सांगत. पण किती नक्की नाही, ते सांगतो."

मला ते आवडलं. बाजारात इतकं खरं बोलणारा एक माणूस मी बघितला नव्हता. बाईंनी नावांची अदलाबदल केली, परत चालवलं. फुली जागची हलली नाही. टोकांचे चारही ठिपके आता ओळीत आले होते. वर्तुळ इतकं बारीक आलं ते माझ्या ठिपक्यांच्या चुडीमुळे, असंही त्या म्हणाल्या. साहेबांच्या हाताने वजनं केली असती तर वर्तुळ चौकटीबाहेर गेलं असतं. हे त्या साहेबांच्या समोर नाही म्हणाल्या, तेवढं शहाणपण होतं.

मला वाटलं, संपलं. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. टेबलावर तोच कागद.

"म्हणजे चूक तुझीच निघाली शेवटी," ते म्हणाले. "आता तरी सही कर. मालकांना फाइल पाठवायचीय."

"चूक माजी हाय. दहा माणसांत बोललो. पण हितं निष्काळजीपणा लिहिलंय."

"तेच ते."

"तेच नाय. निष्काळजी माणसाचा एक थेंब इकडं पडतो अन् एक तिकडं. तुमच्या ठिपक्यांसारखा. माजे दहाच्या दहा एका जागी हायत. ह्याला सवय म्हणतात. कागदावर लिहा, सवयीने प्रत्येक वजनात इतकं जास्त दिलं. आता सही करतो, मराठीत अन् इंग्रजीत."

"मी कागद बदलणार नाही."

"मी सही करनार नाय."

बाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "सर, जादा वजन धरून आकडे आलेत, पण खात्रीसाठी टोकांचे चार फ्लास्क परत करायला हवेत, काटा मध्यावर ठेवून. काकांनाच करू दे."

"हा उद्या ड्रमवर असेल," साहेब म्हणाले. "ते चार मी करीन. मी स्वतः. नऊला आलो की पहिलं तेच."

कोंबड्यांचे दाणे माझ्या डोळ्यांसमोर आले. बाईंच्याही आले असावेत, त्यांनी खाली बघितलं.

घरी सगळं सांगितलं. आमची कारभारीण भाकऱ्या थापत होती, ती थांबली नाही. "एवढी काय घट्ट धरलीय सही. केली अस्ती तर हात झिजला अस्ता?"

"हात कशाला झिजंल."

"मंग?"

"तूच ज्या बायांबरोबर बाजारात जातंस, त्यांना उद्या सांगशील का, आमचा माणूस मापात निष्काळजी हाय म्हणून?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. थोड्या वेळाने म्हणाली, "ड्रम ढकलताना कमरेला फडका बांध. नुसता वाकू नको." एवढंच. डबा नेहमीपेक्षा मोठा भरायचं तिने तेव्हाच ठरवलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहालाच सायकलने कारखान्यात पोचलो. रात्रपाळीच्या वॉचमनने काही विचारलं नाही. पाण्याची टाकी गरम करायला लावली, हातमोजे चढवले, टेबलावर बसलो आणि टोकांचे चार फ्लास्क तोलले. काटा मध्यावर आला की हात आणखी एक थेंब मागायचा. प्रत्येक वेळी मागायचा. मी दिला नाही. कोणाच्या तरी पिशवीतलं काढून घेतल्यासारखं वाटलं, तरी नाही दिला. मग अदलाबदल करून बघितलं, वजन या पारड्यात, माल त्या पारड्यात. काटा हलला नाही. घड्याळ लावून चारही फ्लास्क गरम पाण्यात ठेवले, वेळ झाल्यावर काढले, मिथेनॉलमध्ये ओतले, तंतू धुऊन सुकायला लावले. रजिस्टरात आठही वजनं मी माझ्या हाताने लिहिली. कधी लिहिली नव्हती, आकडे मोठे आणि ओळीबाहेर गेले. त्यांच्याखाली पूर्ण नावाने सही केली. मग टेबल पुसलं, कमरेला फडका बांधला आणि मागच्या अंगणात गेलो. साहेब नऊला आले तोवर माझे अकरा ड्रम रचून झाले होते.